वारसागत म्हणजे निर्दोष नव्हे

नागपूरच्या रामदासपेठेतील एखाद्या रुग्णाच्या गाठीत टीपी53 या कर्करोगरोधक जनुकात बदल आढळला, तर तो गाठीतच घडला की आईवडिलांकडून आला? रुग्णाच्या रक्ताचा नमुना नसेल, तर भारतीयांतील वारसागत भेदांची यादी चाळावी लागते. टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी 2016 साली अशी यादी सर्वांना खुली केली. तिचे मोल आम्ही मानतोच. पण तीत दोन उणिवा होत्या. नमुने 62 व्यक्तींचे, म्हणजे या जनुकाच्या 124 प्रती. शंभरांत एका प्रतीत असणारा भेद त्यांत मुळीच न सापडण्याची शक्यता 0.99 चा 124 वा घात, म्हणजे सुमारे 29 टक्के! शिवाय या व्यक्ती कर्करुग्णच होत्या.

2022 च्या आवृत्तीत रुग्णांचे नमुने 173 झाले, शिवाय 598 व 1029 निरोगी भारतीयांची माहिती जोडली गेली. पहिली उणीव बरीच भरून निघाली. दुसरीचे भान मात्र वापरणाऱ्यानेच ठेवायचे आहे. टीपी53 मधील घातक दोष वारशानेही येतो. यादीत सापडला म्हणून तो वजा केला, तर खरा गुन्हेगारच सुटेल. भेद वारसागत आहे, एवढेच यादी सांगते. तो निरुपद्रवी आहे, असे नव्हे.