मुरलेली माती

ओरेगॉनमध्ये जुलै २०१५ पासून एका घराला गांजाची चार झाडं लावायची मुभा आहे. चारच झाडं असल्यावर माणूस प्रत्येकाचे किती लाड करतो, हे तिथल्या हौशी बागाईतदारांची माती पाहिली की कळतं. (आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानं परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे, तेव्हा ही माती तिच्या जागीच ठेवून वाचू.) दुकानात सेंद्रिय द्रवखतांच्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या असतात, वाढीसाठी एक, फुलोऱ्यासाठी दुसरी. दुसरा मार्ग ताडपत्रीवर फावड्यानं कालवलेल्या घरच्या मातीचा. माझा कौल मातीला आहे, आणि तो तिच्या रचनेवर भाळून दिलेला आहे.

तिथे ‘कूट्स’ या टोपणनावाच्या बागाईतदाराची कृती प्रसिद्ध आहे. एक भाग पीट मॉस, एक भाग हवा खेळती ठेवणारा प्यूमिससारखा सच्छिद्र दगड, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत. मग दर घनफुटाला निंबोळी किंवा करंज पेंड, समुद्रशेवाळाची पूड आणि खेकड्याच्या कवचांचा भुगा, प्रत्येकी अर्धा कप. वर शिंपल्यांची पूड आणि चार कप दगडाची भुकटी. यादी साधी दिसते, पण तिच्यातला एकही घटक एकटा नाही. पीट पाणी धरून ठेवतं, पण स्वभावानं आंबट, सामू चारच्या आसपास. तो आंबटपणा शिंपल्यांची पूड मारते आणि वर कॅल्शियम देते, ज्याची गांजाच्या झाडाला मोठी भूक असते. एकाचा दोष दुसऱ्याच्या हाताला काम देतो. या कृतीत मला खटकतं ते पीटच. दलदलीत ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साठतं आणि आपण ते गोणीनं उपसतो.

पेंडीपाशी मराठी वाचकानं जरूर थांबावं. आपल्या बांधावरच्या कडुनिंबाच्या आणि करंजाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा तिकडे मोलानं विकत घेतला जातो. निंबोळी पेंड नत्र देतेच, शिवाय अमोनियमचं नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करते, त्यामुळे नत्र पाण्याबरोबर लवकर वाहून जात नाही. याच गुणासाठी भारत सरकारनं २०१५ मध्ये देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबतेलाचा लेप सक्तीचा केला. खेकड्याच्या कवचातलं कायटिन खाणारे जीव मातीत वाढले की तेच कायटिन अंगात असणाऱ्या काही रोगकारक बुरशांनाही जड जातात. दगडाची भुकटी बहुधा बेसाल्टची असते, म्हणजे ज्या खडकावर आपल्या दख्खनचा मोठा भाग उभा आहे आणि ज्याच्या झिजण्यातून आपली काळी माती झाली, तोच.

आता बाटली वाचू. तिच्यात बहुतेक वेळा मासळीचा अर्क, शेवाळाचा अर्क, मळी असा ऐवज असतो. असा ऐवज बंद झाकणाखाली आंबून फुगू नये म्हणून मासळीच्या अर्कात आम्ल घालतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत त्याचा सामू ३.५ पर्यंतच उतरवायची परवानगी आहे. म्हणजे टिकण्यासाठी तिच्यातली हालचाल आधी थांबवावी लागते. आणि खरी मेख पुढे आहे. मासळीतलं नत्र प्रथिनांत आणि अमिनो आम्लांत अडकलेलं असतं, तर मूळ मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम उचलतं. मधलं काम सूक्ष्मजीवांनीच करायचं. निर्जीव माध्यमात ओतलेली सेंद्रिय बाटली बराच काळ नुसती पडून राहते. बाटलीला मातीवाचून गत्यंतर नाही, मुरलेल्या मातीचं मात्र बाटलीवाचून अडत नाही.

मातीच्या आत चालतं ते मला सगळ्यांत मोहक वाटतं. झाड पानांत केलेल्या साखरेचा काही वाटा मुळांवाटे बाहेर सोडतं. त्यावर जिवाणू पोसतात, जिवाणूंना आदिजीव खातात. जिवाणूच्या शरीरात नत्र भरपूर, आदिजीवाला त्या मानानं कमी लागतं, म्हणून उरलेलं तो मुळाच्या अगदी तोंडाशी अमोनियमच्या रूपात टाकतो. मारियान क्लारहोम यांनी १९८५ मध्ये हे चक्र मांडलं. फुलोऱ्याची बाटली कधी उघडायची हे माणूस कॅलेंडर पाहून ठरवतो. इथे मात्र मागणी झाडाकडूनच येते आणि पुरवठा त्याच जागी होतो.

बाटलीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. दहा-बारा लिटरच्या कुंडीत एवढा संसार मांडायला जागाच नसते, तिथे बाटली हवी. निदान साठ लिटर माती असेल तर नुसतं पाणी घालून हंगाम निघतो. मातीचाही धोका आहे. गांजाचं झाड जड धातू शोषून घेतं आणि दगडाच्या वा शेवाळाच्या पुडीतून ते येऊ शकतात, म्हणून पुडीच्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. पण लेबलावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. कॅलिफोर्नियात मासळी आणि पिसांचं सेंद्रिय द्रवखत म्हणून वर्षानुवर्षं विकलेल्या मालात अमोनियम सल्फेट निघालं आणि २०१२ मध्ये त्या प्रकरणात तुरुंगवासाची शिक्षा झाली.

वासाचं काय? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जनुकीयदृष्ट्या एकसारखी झाडं, काही दिव्याखाली कृत्रिम माध्यमात आणि काही उघड्यावर जिवंत मातीत वाढवलेली, तपासली. उघड्यावरच्या फुलांत जड, रेंगाळणाऱ्या वासाची टर्पीन नावाची द्रव्यं अधिक होती. मात्र तिथे मातीबरोबर ऊनही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय मातीला देणं मला पटत नाही. मी माती निवडतो ती वासाच्या पुराव्यावर नाही. तीच माती पुढच्या हंगामाला अधिक चांगली होऊन हाती येते, म्हणून निवडतो. खोड कापायचं, मूळ आत कुजू द्यायचं, वर पेंड आणि पालापाचोळा पसरायचा, शेजारी नवं रोप लावायचं.

या कृतीत सगळं दुकानात मिळतं, अपवाद चांगल्या कंपोस्टचा. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला घडवून १९३१ मध्ये पुस्तकात मांडलेली थरांची पद्धत आजही पुरते: काडीकचरा, शेण, थोडी राख-माती, आणि वेळच्या वेळी उलथापालथ. कंपोस्ट कच्चं असेल तर वरची महागडी पूड वाया जाते. ज्याला येत्या उन्हाळ्यात रोप लावायचं आहे, त्यानं ढीग याच पानगळीत रचायला घ्यावा.