घड्याळातील आकड्यावर किती विसंबावे?

मैदानावर धावून आलेला विद्यार्थी मनगटावरचे घड्याळ पुढे करतो आणि म्हणतो, ''सर, १६४!'' हा आकडा कशाचा? ''हृदयाच्या ठोक्यांचा,'' असे तो सांगेल. हे उत्तर तसेच स्वीकारावे का, याचा विचार आपण करू.

या घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश देणारे छोटे दिवे आणि एक प्रकाशसंवेदक असतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या सूक्ष्म वाहिन्यांतील रक्त किंचित वाढते आणि परत येणारा प्रकाश तेवढाच कमी होतो. हे चढउतार मोजले की ठोके मिळतात. तत्त्व सोपे आहे आणि जुनेही. १९३० च्या दशकातच त्यावर संशोधन झाले होते.

अडचण येते ती हात हलल्यावर. घड्याळ त्वचेवर जरासे सरकले तरी प्रकाश कमीजास्त होतो आणि हा बदल नाडीमुळे होणाऱ्या बदलाहून मोठा असू शकतो. म्हणून घड्याळ हालचालीचा अंदाज घेऊन तेवढा भाग वगळते व उरलेल्यातून ठोके ठरवते. यात कधी कधी पावलांची लयच नाडी म्हणून मोजली जाते. धावताना मिनिटाला १६० च्या आसपास पावले पडणे नेहमीचेच. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याचे १६४ हृदयाचे की पायांचे, हे आकड्यावरून कळत नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० व्यक्तींच्या मनगटांवर सात उपकरणे तपासली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा उपकरणांची ठोक्यांतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. येथेच थांबलो तर घड्याळे उत्तीर्ण! पण सायकल चालवताना चूक १.८ टक्के होती, तर चालताना ५.५ टक्के. सायकलवर हात स्थिर राहतो, चालताना झुलतो. सावळ्या त्वचेवर चूक अधिक आढळली. मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषते. मात्र ड्यूक विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात वर्णामुळे लक्षणीय फरक दिसला नाही, हालचालीमुळे दिसला. खर्च झालेल्या उष्मांकांबाबत तर स्टॅनफर्डमधील सर्वांत चांगले उपकरणही २७ टक्क्यांनी चुकले.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. ठोके आणि उष्मांक एकाच पडद्यावर, सारख्याच ठसठशीत अंकांत दिसतात. कोणता आकडा कितपत खरा, याची खूण कोठेही नसते. प्रयोगशाळेत व्हर्निअर हाती देताना आपण आधी लघुतम माप विचारतो. मग येथे का विचारू नये?

वर्गात हे करून पाहता येईल. विद्यार्थ्याने स्वस्थ बसून, मग चालून व धावून झाल्यावर लगेच घड्याळातील आकडा लिहावा. त्याच वेळी दुसऱ्याने मनगटाशी दोन बोटे ठेवून १५ सेकंद नाडी मोजावी व चारने गुणावे. येथे एक ठोका चुकला तर उत्तर चारने चुकते, शिवाय थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते. हेही मुलांना सांगावे. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत्‌ संकेत टिपतो, म्हणून तो मिळाल्यास तुलना अधिक विश्वसनीय होईल.

स्वस्थ बसलेल्याची नाडी ही घड्याळे बहुधा ठीक सांगतात. परंतु धापा टाकणाऱ्या, चक्कर येणाऱ्या मुलाला ''घड्याळात तर १२० च आहेत, पळ अजून,'' असे कोणी म्हणू नये. अशा वेळी आधी मुलाकडे पाहावे, घड्याळाकडे नंतर.