स्वत्व आणि गृहरचना : 'राजगृहा'च्या निमित्ताने

घर हे त्यात राहणाऱ्याच्या व्यक्तिमत्त्वाचे प्रतिबिंब असावे, हे मत अलीकडील गृहसजावटविषयक लेखनात जवळजवळ सिद्धान्ताप्रमाणे मांडले जाते. भिंतींचे रंग, आसनांची मांडणी, चित्रांची निवड यांतून घरधन्याची ओळख प्रकट होते, असे त्यात गृहीत धरलेले असते. या मांडणीत 'व्यक्तिमत्त्व', 'ओळख' आणि 'स्वत्व' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजिले जातात. त्यांतील अर्थभेद लक्षात घेतल्याखेरीज या मताचे परीक्षण संभवत नाही.

व्यक्तिमत्त्व हा व्यक्तीच्या ठायी असणाऱ्या विशेषांचा समुच्चय होय. ओळख मात्र एकट्याच्या स्वाधीन नसते. ती पटावी लागते, ती दिली जाते आणि प्रसंगी नाकारलीही जाते. म्हणजे या शब्दात दुसरा माणूस अध्याहृत आहे. 'स्वत्व' या शब्दाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणांत त्याचा अर्थ 'मालकी' असा आहे, तर मराठीत तो 'आत्मभान', 'स्वाभिमान' या अर्थांनी रूढ झाला. वस्तूवरील अधिकार आणि स्वतःविषयीची जाणीव हे दोन अर्थ एका शब्दात सामावले आहेत, आणि ते एकत्र नांदण्याचे सर्वांत स्वाभाविक स्थान म्हणजे घर.

जुन्या मराठी घराची शब्दसंपदा पाहिली असता तीत व्यक्तीला फारसा अवकाश आढळत नाही. अंगण, ओटी, पडवी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, परसू ही नावे कार्य सांगतात किंवा स्थान सांगतात. 'माजघर' या शब्दातील 'माज' हे 'मध्य'चेच प्राकृतातून आलेले रूप आहे. परंतु ही नावे आणखीही एक गोष्ट सांगतात : कोणी कोठपर्यंत यावे. कोणास ओटीवर बसवावयाचे, कोणास माजघरात घ्यावयाचे आणि कोणास अंगणाबाहेरच उभे ठेवावयाचे, याचे नियम या रचनेत मुरलेले होते. घर प्रतिबिंब दाखवीत होते ते व्यक्तीचे नव्हे, समाजाच्या उतरंडीचे. जो अंगणाबाहेर उभा राहिला, त्याच्या दृष्टीने घर म्हणजे नकाराची रचनाच होती.

या नकाराचा तीव्र अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदविला आहे. परदेशातील शिक्षणानंतर १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांस राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आश्रय घेतला. मात्र ती जागा पारशांसाठीच राखीव असल्याने तेथील नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. येथे छताची किंमत भाड्याच्या रुपयांत मोजून संपत नाही. स्वतःचे नाव टाकून दिल्याखेरीज निवारा मिळत नाही, हा त्या व्यवहाराचा गाभा आहे.

या पार्श्वभूमीवर दादरच्या हिंदू कॉलनीत १९३३ च्या सुमारास उभे राहिलेले 'राजगृह' पाहिले पाहिजे. तत्पूर्वी आंबेडकरांचे कुटुंब परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत राहत होते. नव्या घराच्या मांडणीत तळमजला कुटुंबाच्या वास्तव्यासाठी आणि वरचा मजला ग्रंथालय व कार्यालय यांसाठी योजिलेला होता. ग्रंथांस घराची सजावट म्हणून एखादा कोपरा द्यावा, अशी ही योजना नव्हे. घराचा आराखडाच ग्रंथांच्या गरजेतून निघाला आहे. येथे स्वत्व प्रकटले ते अभिरुचीतून नव्हे, तर जीवनकार्यातून. त्याच वसाहतीत बांधलेले 'चारमिनार' हे त्यांचे दुसरे घर १९४१ साली विकले गेले, 'राजगृह' मात्र राहिले, ही घटनाही या दृष्टीने सूचक आहे.

गृहनामाचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. 'राजगृह' हे सामान्यनाम म्हणून राजाचे घर दर्शविते, तर विशेषनाम म्हणून मगधाच्या प्राचीन राजधानीचे स्मरण देते. ही बिंबिसाराची नगरी. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती भरली ती येथेच, अशी बौद्ध परंपरा आहे. नागपूरचे धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ चे. म्हणजे दीक्षेपूर्वी वीसहून अधिक वर्षे हे नाव घरावर होते. यावरून दीक्षेचा निर्णय तेव्हाच झाला होता, असे अनुमान काढणे उचित होणार नाही. पण आपला इतिहास कोठे शोधावयाचा, याची दिशा त्या नावात दिसते. बडोद्यास ज्यास परक्या नावाने राहावे लागले, त्याने आपल्या घरास स्वतः निवडलेले नाव दिले. मालकी आणि आत्मभान हे 'स्वत्व'चे दोन्ही अर्थ येथे एकवटले आहेत.

तथापि या घराचे परीक्षण केवळ गौरवाने पूर्ण होत नाही. व्यक्तीचे स्वत्व दर्शविणारे घर बहुधा एकाच व्यक्तीचे स्वत्व दर्शविते. त्यात राहणाऱ्या इतरांचे काय, हा प्रश्न उरतोच. रमाबाईंनी चाळीतील संसाराचे कष्ट दीर्घकाळ सोसले. 'राजगृहा'तील वास्तव्य मात्र त्यांच्या वाट्यास फार थोडे आले. २७ मे १९३५ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. वरचा मजला ज्या कार्यास दिला गेला, त्याचा भार खालच्या मजल्यावरील संसारानेही वाहिला, याची नोंद आराखड्यात नसते. ती समीक्षेने केली पाहिजे.

या ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला. प्रतिबिंबाचा सिद्धान्त खरा मानला, तर ग्रंथ गेल्यावर ओळखही ओसरावयास हवी होती. प्रत्यक्षात उलट घडले. डिसेंबर १९५६ मध्ये दिल्लीहून आणलेले बाबासाहेबांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी येथेच ठेवण्यात आले, आणि आजही असंख्य लोक ही वास्तू पाहावयास येतात. जुलै २०२० मध्ये तिची नासधूस झाली, तेव्हा उमटलेल्या निषेधाचा विषय फुटलेल्या काचा व कुंड्या एवढाच नव्हता. एका व्यक्तीने आपल्या घरास दिलेले नाव दरम्यान एका समाजाच्या ओळखीचा भाग झाले होते.

सारांश, घरातील निवडी व्यक्तिमत्त्व सांगतील. स्वत्व सांगण्यास त्या अपुऱ्या आहेत. घराने कोणत्या कार्यास जागा दिली, कोणास आत घेतले आणि त्या जागेची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच ते वाचावे लागते. ज्यांस घर सहज मिळाले, त्यांना हे प्रश्न सुचण्याचे कारण पडत नाही. म्हणूनच गृहरचनेच्या विचाराचा आरंभ सजावटीपासून न होता उंबरठ्यापासून व्हावयास हवा.