उद्या ये, बाई!

कन्नडमध्ये ‘नाळे बा’ म्हणजे ‘उद्या ये’, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. १९९०च्या दशकात कर्नाटकात अशी वदंता पसरली होती, की रात्री एक हडळ दारोदार हिंडते, ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि ओ दिली की माणूस संपलाच. लोकांनी त्यावर उपाय काढला : दारावरच ‘नाळे बा’ लिहून ठेवायचे. हडळ ते वाचून परत जाते, दुसऱ्या रात्री येते, पुन्हा तेच वाचते. दुकानातल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीचीच ही युक्ती. भुताची थट्टा लोकांनी आधीच करून ठेवली होती.

अमर कौशिक यांचा ‘स्त्री’ (२०१८) हा हिंदी चित्रपट याच वदंतेवर उभा आहे. लेखन राज आणि डी. के. या जोडीचे. कथा मात्र मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेली आहे. तिथे उत्सवाच्या रात्री ही ‘स्त्री’ पुरुषांना उचलून नेते, मागे उरतात फक्त कपडे.

रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ (१९८४) किंवा ‘वीराना’ (१९८८) ज्यांनी पाहिले, त्यांना जुना साचा पाठ असेल. ओसाड हवेली, करकरणारे दार, किंचाळणारी तरुणी. ‘स्त्री’मध्ये किंचाळायची पाळी पुरुषांवर येते. रात्री बाहेर पडू नका, एकटे हिंडू नका, कोणी हाक मारली तर मागे वळून पाहू नका! प्रेक्षक खदखदून हसतात. पण हे नियम नवे कुठे आहेत? आमच्या शाळेत संध्याकाळच्या जादा तासाला मुलगे थांबतात, मुली घड्याळाकडे पाहत दप्तर आवरतात. चंदेरीच्या पुरुषांना मुलींचेच नियम लावले आहेत, आणि ते पुरुषांना लावल्याबरोबर हास्यास्पद दिसू लागतात. विडंबनाचे खरे काम हेच.

पंकज त्रिपाठींचा रुद्र आणखी एक खोच सांगतो. ही हडळ बळजबरी करीत नाही, हाक मारून संमतीची वाट पाहते. शिवाय ती साक्षर आहे. मुख्याध्यापक या नात्याने मला याचा विशेष आनंद झाला.

शेवट मात्र मला तितकासा पटला नाही. ती एका गणिकेचा अतृप्त आत्मा. तिला प्रेम आणि मान हवा होता. गाव अखेर मान देते, पण ‘उद्या ये’ऐवजी ‘रक्षण कर’ अशी विनवणी लिहून. हडळ नाही तर देवी! साधी बाई म्हणून जागा नाहीच.

‘स्त्री २’ (२०२४) तर आणखी मागे गेला. त्यातला शिर नसलेला ‘सरकटा’ आधुनिक विचारांच्या बायकांना पळवतो. म्हणजे भ्यायचे पुन्हा बायकांनीच. विनोद भरपूर आहेत, पण पहिल्या चित्रपटातली चपराक गेली.

त्याच वर्षी आधी आलेला आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ मला म्हणूनच अधिक मोलाचा वाटतो. कोकणातले आपले ओळखीचे भूत, मुंज होऊन लग्नावाचून मेलेला पोर. मेल्यावरही त्याचा एकच धोशा, लग्न. मुलीला काय हवे, हा प्रश्न त्याला पडतच नाही. नकार न ऐकता नायिकेच्या मागे हिंडणारे नायक आपण वर्षानुवर्षे टाळ्या वाजवून पाहिले. सरपोतदारांनी त्यांचे भूत करून टाकले.