दोन श्रावण

बालकवींची श्रावणावरची कविता मी कितीतरी वर्षे वर्गात शिकवली. शिकवली म्हणण्यापेक्षा उरकली म्हणावे. 'निसर्गसौंदर्याचे वर्णन करा' हा प्रश्न ठरलेला, उत्तरही ठरलेले. एकदा खानापूरकडच्या रानपट्ट्यातल्या एका मुलाने लिहिले, 'श्रावणात आमच्या घराची भिंत पडते.' मी लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा मारून गुण कापले. त्या शेऱ्याची आज लाज वाटते.

यात कवीचा दोष नाही. बालकवी (१८९०-१९१८) खानदेशातल्या धरणगावचे. तिकडे पाऊस बेताचा. सर येते, जाते, मध्ये ऊन पडते. तो खेळ कवी जरा अंतरावरून पाहतो. सांख्यांनी प्रकृतीला नर्तकी मानले आणि पुरुषाला प्रेक्षक; आपले रूप दाखवून झाले की नर्तकी थांबते, असे ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका सांगते. बालकवी या अर्थाने प्रेक्षकच. पण हा प्रेक्षक फसतोही. सूर्य मावळला असे त्याला वाटते, आणि तेवढ्यात झाडांच्या शेंड्यांवर, उंच घरांवर ऊन उतरते. मला या कवितेत हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. पाहणाऱ्याचा अंदाज इथे निसर्गच खोटा पाडतो. आम्ही मास्तर मंडळी मात्र इंद्रधनुष्य आणि बगळे यांतच तास संपवतो.

दुसरा श्रावण मला फार उशिरा भेटला, तोही कन्नड शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यामुळे. धारवाडचे द. रा. बेंद्रे (१८९६-१९८१) यांची घरची भाषा मराठी, कविता मात्र कन्नड. 'नाकुतंती'साठी त्यांना १९७३चे ज्ञानपीठ मिळाले, याचा आपल्या घरांतून अभिमान असतो; वाचणारे थोडे. (मीही त्यांतलाच होतो.) त्यांची श्रावणाची कविता मी देवनागरीत उतरवून घेतली आणि मोठ्याने वाचली. धारवाडी बोलीतली ती कविता डोळ्यांनी वाचून कळतच नाही. तिथे श्रावण रानात येतो, मुलखात येतो, वस्तीत शिरतो. समुद्रावर तो रावणासारखा नाचतो, वारा भैरवाचे रूप घेतो, आणि डोंगर न् डोंगर स्थावर लिंग होऊन न्हाऊ लागतो. इथे प्रेक्षकाला बसायला जागाच नाही. त्या मुलाची पडकी भिंत या श्रावणात सहज बसली असती.

म्हणून बेंद्रे थोर आणि बालकवी नुसते गोड, असा निवाडा मात्र मी देणार नाही. बालकवींच्या कवितेतही देऊळ आहे. पण तिथे पूजेला बायका जातात, डोंगर डोंगरच राहतो. बेंद्र्यांच्या डोंगराला लगेच देवत्व येते. भीतीला रावण, भैरव अशी नावे मिळाली की ती ओळखीची होते, सोसवते. बालकवींच्या उन्हाला असे कोणतेच नाव नाही. ते ऊनच राहते. कदाचित म्हणूनच पुढच्या कवितांत उदासी दाटून आली तेव्हा त्यांना हाक मारायला कुणी देव नव्हता. निसर्गाकडे इतके उघड्यावर उभे राहून पाहणे सोपे नसते.

आपण बेळगावकडची माणसे या दोन श्रावणांच्या मध्ये राहतो. यंदा मी वर्गात दोन्ही कविता वाचल्या. बेंद्रे वाचताना माझे उच्चार चुकले. मागच्या बाकावरच्या मुलींनी ते हसत दुरुस्त केले. मग जुना प्रश्न बदलून 'तुमच्या घरी श्रावण कसा येतो?' असा फळ्यावर लिहिला. वह्या टेबलावर आहेत. लाल पेन मी कपाटात ठेवले आहे.