चॉसरच्या कथा आणि वक्त्याचें वैशिष्ट्य

इंग्रज कवि जेफ्री चॉसर इ. स. १४०० मध्यें वारला. त्याच्या ‘कँटरबरी कथां’ची स्वहस्तलिखित प्रत उपलब्ध नाहीं, उपलब्ध प्रती, त्रुटित धरून, ऐंशींहून अधिक आहेत. त्यांपैकीं कांहींत संग्रह बहुतांशीं समग्र आहे, कांहींत एखाददुसरीच कथा वेगळी काढून घेतलेली आहे. कथा अशी सुटी झाली कीं तिचा बोध राहतो, पण त्यांतील उपरोध नाहींसा होतो, हें येथें दाखवावयाचें आहे.

कँटरबरीच्या यात्रेस निघालेले लोक वाटेनें आळीपाळीनें कथा सांगतात, अशी ग्रंथाची योजना आहे. त्यांत एक पार्डनर, म्हणजे पापक्षमेचीं पत्रें विकत फिरणारा, आहे. तो आरंभींच आपलें बिंग आपणच फोडतो. लोभ हें सर्व पापांचें मूळ, या एकाच वचनावर आपण प्रवचन करतों आणि तेंहि केवळ द्रव्यासाठीं, असें तो निःशंकपणें सांगतो. मग त्याची कथा येते. महामारीच्या दिवसांत तीन मद्यपी मृत्यूस ठार मारावयास निघतात. एक वृद्ध त्यांस एका झाडाकडे धाडतो. तेथें सोन्याच्या नाण्यांची रास सांपडते. धाकटा खाणें-पिणें आणावयास जातो व मद्यांत विष कालवितो. उरलेले दोघे त्यास मारून तेंच मद्य पितात. कथा संपतांच हा गृहस्थ आपले बनावट संत-अवशेष पुढें करून श्रोत्यांकडे द्रव्य मागतो, आणि पहिला मान बरोबर आलेल्या पथिकगृहाच्या मालकास देतो! मालक त्याची अशी खरडपट्टी काढतो कीं, नाइट सरदारास मध्यें पडून समेट करावा लागतो.

याच संविधानकाची कथा पाली वेदब्भ-जातकांत (क्र. ४८) आहे. तेथें अखेरीस उरलेल्या दोन चोरांपैकीं एक भातांत विष घालतो. दुसरा त्यास खड्गानें तोडून तोच भात खातो. पण ती सांगणारे भगवान बुद्ध. वक्ता व बोध यांत विरोध नाहीं. चॉसरच्या कथेंत बोध तोच, परंतु वक्ताच त्या बोधाचा पहिला अपराधी. मम्मटानें आर्थी व्यंजनेच्या कारणांत वक्त्याचें वैशिष्ट्य प्रथम गणिलें आहे, त्याचें याहून चोख उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. दुष्टानें उच्चारलें म्हणून वचन खोटें ठरत नाहीं. ऐकणाराची जबाबदारी मात्र वाढते.

उलट उदाहरण मठाधिकारिणीचें. उपोद्घातांत ती सांपळ्यांतील उंदीर पाहून रडते, आपल्या कुत्र्यांस भाजलेलें मांस चारते. तिची कथा मात्र यहुद्यांनीं मारलेल्या बालकाची. शेवटीं यहुद्यांस घोड्यांकडून फरफटवून फांशीं देतात, आणि सांगणारीस त्यांचा कळवळा येत नाहीं. (इंग्लंडांतून यहुद्यांस १२९० मध्येंच घालवून दिलें होतें.) चॉसरचा हेतु येथें उपरोधाचा होता कीं नाहीं, यावर पंडितांत मतभेद आहे. तथापि समग्र ग्रंथ वाचणारास निदान शंका येते. हार्ले २३८२ या पोथींत ही कथा उपोद्घातावांचून, धार्मिक रचनांच्या सोबतीस घातली आहे. तेथें उंदीरहि नाहीं, शंकाहि नाहीं. उरतो तो भक्तिरस आणि द्वेष. याच्या उलट, कॅलिफोर्नियांतील हंटिंग्टन ग्रंथालयाच्या एल्स्मीर प्रतींत कथारंभीं समासांत सांगणाराचें चित्र काढलेलें आहे. अशीं चित्रें २३ आहेत. ज्यानें ती प्रत सजविली, त्यास कथा कोणाची हें विसरूं द्यावयाचें नव्हतें.

हा दोष इतरांस लावण्यापूर्वीं आमचा आम्ही कबूल करतों. तीन मद्यप्यांची कथा आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें ‘लोभाचें फळ’ म्हणून सांगितली. पार्डनरचें नांवहि घेतलें नाहीं. मुलांस बोध मिळाला, पण बोध करणारास पारखण्याची दृष्टि आम्हीं दिली नाहीं. संग्राहकांनीं तरी ही चूक टाळावी. बाडांतून एखादें आख्यान उतरून घेतांना तें कोणाच्या तोंडीं आहे, त्याच्या मागें-पुढें काय आहे, हें टिपून ठेवावें. पान जपलें आणि वक्ता हरवला, तर अर्धीच पोथी हातीं राहते.