सातबारा आणि मोबाईलचा पडदा : सुगम्यतेची एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकाच्या रुंद पडद्यासाठी घडवलेले जुने संकेतस्थळ मोबाईलवर नीट दिसावे, यासाठी केल्या जाणाऱ्या फेरमांडणीला प्रतिसादी रचना म्हणतात. ही संज्ञा एथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडली. लवचीक स्तंभ, रुंदीत मावणारी चित्रे आणि पडद्यानुसार मांडणी बदलणारे नियम ही तिची तीन अंगे होत. मात्र मजकूर पडद्यात मावणे आणि तो वाचकाला उलगडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील सातबारा उताऱ्याच्या आधारे हा भेद तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नमुन्याची घडण :
गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, तर गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. हे नमुने तलाठ्याच्या दप्तरातील कागद डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला आणि तलाठी कार्यालयाची खेप वाचली. हे यश निर्विवाद आहे. तथापि कागदाचे पान जसेच्या तसे पडद्यावर आले. अमरावती तालुक्यातील वलगावच्या एखाद्या शेतकऱ्याने सामाईक खात्याचा उतारा मोबाईलवर उघडला, तर अक्षरे वाचण्याइतकी मोठी करताच पानाचा उरलेला भाग पडद्याबाहेर जातो. नाव वाचावे तर त्यापुढील क्षेत्र दिसत नाही. क्षेत्राकडे सरकावे तर ते कोणत्या भावाचे, हे लक्षात ठेवावे लागते. इतर हक्कांच्या रकान्यातील बोजाची नोंद अशाच सरकवासरकवीत नजरेआड झाली, तर तिचा परिणाम थेट पीककर्जावर आणि जमिनीच्या व्यवहारावर होऊ शकतो.

येथे एक विसंगतीही जाणवते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून, छायाचित्रासह, आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून करतो. ती नोंद नमुना बारासाठी वापरली जाते. म्हणजे माहिती घेताना शासनाने मोबाईल गृहीत धरला, परत देताना मात्र कागद.

निकष आणि पळवाट :
वेब आशय सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची २.१ ही आवृत्ती २०१८ ची आहे. ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, असे ती सांगते; परंतु माहितीच्या तक्त्यांना त्यातून सूट देते. सातबारा तक्ताच आहे, असे म्हणून ही सूट घेणे सोपे आहे. ते मान्य करता येत नाही. नमुना बारामध्ये वर्ष, हंगाम, पीक आणि क्षेत्र यांची तुलना होते, म्हणून तो खरा तक्ता ठरतो. नमुना सात मात्र मुख्यतः शीर्षक आणि नोंद यांच्या जोड्यांनी बनलेला आहे. प्रत्येक खातेदाराखाली त्याचे क्षेत्र, आकार आणि फेरफार क्रमांक उभ्या क्रमाने देता येतात.

सूट घेतली तरी सर्व जबाबदारी संपत नाही. दृष्टिबाधित वाचकासाठी प्रत्येक आकडा त्याच्या शीर्षकाशी जोडलेला हवा. अन्यथा वाचक-प्रणाली नुसते ‘०.८१’ उच्चारते आणि ते क्षेत्र की आकार, हे कळत नाही. पानाची भाषा मराठी असल्याचे संहितेत नोंदवलेले हवे आणि चित्रातील अक्षरे ओळखण्याच्या परीक्षेला ध्वनीचा पर्याय हवा.

स्वाक्षरी विशिष्ट फाईलशी बांधलेली असल्याने तिची मांडणी बदलता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून केवळ अधिकृत प्रत जशीच्या तशी ठेवण्याची गरज सिद्ध होते. त्याच नोंदींचे वाचनसुलभ रूप शेजारी देण्यास बाध येत नाही.

समारोप :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहितीची सुगम्यता हे शासनाचे कर्तव्य मानले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडली. या पार्श्वभूमीवर जुन्या संकेतस्थळाच्या नूतनीकरणाचे यश पडद्याच्या मापावर ठरवणे अपुरे आहे. आपल्या जमिनीवर काय नोंदले आहे, हे शेतकऱ्याला दुसऱ्या कोणाकडून वाचून न घेता समजते काय, हीच त्याची खरी कसोटी होय.